सोयीचं वचन: राजकारणातला ख्रिस्ती नीतीचा वेचक वापर तपासायचा कसा?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात चर्चा ठेवलीय: ‘आधुनिक राजकारण आणि ख्रिस्ती नीतीचा सोयीपुरता वापर’. प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यात ‘येशू म्हणाला शेजाऱ्यावर प्रीती करा आणि हे बघा भिंती बांधतात’ यापलीकडे काही नाही. तेवढ्यावर पाऊण तास निघत नाही. शिवाय नवापूर-साक्रीकडचे ख्रिस्ती वाचक येणार आहेत. बायबल त्यांच्या रोजच्या वाचनातलं. मी अर्धवट बोलले तर तिथल्या तिथे उघडी पडेन.

कोणी, केव्हा, कुठलं वचन वापरलं आणि त्यातलं काय गाळलं याची पक्की उदाहरणं हवीत. वचन संदर्भातून उपटलंय की नाही हे तपासायची रीतही सांगा. आणि हे काम एकटे उजवेच करतात का, याचं प्रामाणिक उत्तर द्या. भारतातलं काही असेल तर दुधात साखर.

पांझराकाठ, धुळे

ताई, बायबलच्या नव्या करारातल्या (येशू आणि त्याच्यानंतरच्या काळाच्या भागातल्या) रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायापासून सुरुवात करा. एका उदाहरणात सगळी कारागिरी दिसते.

१४ जून २०१८ रोजी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे अमेरिकेचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स भाषण करत होते. सीमेवर आईबापांपासून मुलं वेगळी केली जात होती आणि देशभर ओरड चालू होती. त्यांनी रोमकरांस १३ चा हवाला दिला: सत्ता देवाने नेमलेली आहे, म्हणून कायदा पाळा. वचन खोटं नाही, १३:१ मध्ये (अध्याय १३, वचन १) पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेच म्हणतो. गडबड कापणीत आहे. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एतिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. म्हणजे १२ वा अध्याय संपून १३ वा लागतो तिथे मूळ पत्रात श्वाससुद्धा घेतलेला नाही. १२:१४ पासून सलग वाचा: छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाइटाची फेड वाइटाने करू नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. मग सत्तेविषयीची सात वचनं. त्याला लागूनच १३:८-१०: प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही, म्हणून प्रीती हेच नियमशास्त्राचं पूर्ण पालन. सत्तेचा उतारा दोन्हीकडून प्रीतीच्या उताऱ्यांत दाबून बसवलेला आहे आणि भाषणात फक्त मधला तुकडा आला.

हाच अध्याय अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने वापरला गेला. १८५० चा पळालेले गुलाम मालकाला परत देण्याचा कायदा आला, तेव्हा त्याच्या समर्थकांनीही तोच काढला. ‘आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे प्रेषितांची कृत्ये ५:२९ मात्र अशा भाषणांत कधी येत नाही. कुठलाही सरकारी वकील ते स्वतःहून का आणेल म्हणा.

दुसरं उदाहरण थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र ३:१०: ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. २१ मे १९८८ रोजी मार्गारेट थॅचर यांनी एडिंबरात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे हे वचन वापरलं. २०१३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये गरिबांच्या अन्नमदतीत कपात करण्याच्या वादात तेच पुन्हा आलं. आता गंमत बघा: १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या १२ व्या कलमातही जवळजवळ हेच वाक्य आहे, ‘जो काम करत नाही तो खाणार नाही’. भांडवलशाहीवाले आणि साम्यवादी दोघांच्या खिशात एकच चिठ्ठी. मूळ पत्रात प्रश्न वेगळा आहे. त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहात, प्रभूचा दिवस (येशू परत येण्याचा दिवस) आलाच असं काहींच्या डोक्यात बसलं होतं (२:२), काही जण काम सोडून लुडबुड करत फिरत होते (३:११), आणि त्यांना पौल झापतोय. भाषेचा कणा ‘इच्छा नाही’ हा आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा जो आजारी आहे तो या वाक्यात बसतच नाही. तीन वचनं पुढे, ३:१३ ला, ‘बरं करताना थकू नका’ असं आहे. तेही भाषणांत कापलं जातं.

तिसरं, माझ्या मते सगळ्यात चांगलं, कारण ते धातूवर कोरलेलं आहे. फिलाडेल्फियाची प्रसिद्ध स्वातंत्र्य घंटा. तिच्यावर लेवीय २५:१० मधले शब्द आहेत: देशभर सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्य जाहीर करा. त्याच वचनाचा घंटेवर नसलेला भाग असा की पन्नासावं वर्ष पवित्र पाळा आणि प्रत्येकाने आपापल्या वतनाकडे परत जावं. हे योबेल वर्ष, म्हणजे विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाण्याचं वर्ष. स्वातंत्र्य हा शब्द तिथे जमिनीशी आणि कर्जापायी गुलाम झालेल्यांशी बांधलेला आहे. आपल्याकडे शहादा-तळोद्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा तिथे घरोघर माहीत आहे. उलट, गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणणाऱ्या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने हाच अध्याय उचलला आणि तिने जमीन-कर्जाचा भागच पुढे ठेवला. पण पन्नास वर्षांनी जमीन परत द्यावी अशी मागणी तिनेही केली नाही. तिथेही वेचणी झालीच.

गिरणा_वाळू, चाळीसगाव

सगळेच धर्म हे करतात भाऊ, यात विशेष काय? आपल्या सभांत ‘नाठाळाच्या माथी काठी’ गाजते आणि त्याच ओळीतली नेसूची लंगोटी देण्याची अर्धी बाजू माईकपर्यंत पोचत नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथातून कोणी काहीतरी वेचणारच. मग ‘वेचक’ हा आरोप तरी कसला?

नवापूरकर

गिरणाभाऊ, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागलाय, म्हणून सविस्तर लिहितो. वेचणं हा दोष नाही. कापूस वेचतानाही कवडी (खराब कापूस) वेगळी काढतातच. मात्र कवडी कशाला म्हणायचं हे शेतात उतरण्याआधी ठरलेलं असतं, मुकादमाचा मेहुणा आला म्हणून बदलत नाही. ख्रिस्ती परंपरेतही वेचण्याचे नियम जुने आहेत आणि ते लिहून ठेवलेले आहेत. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमची सभा आहे. यहुदी नसलेल्यांनी मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का, हा तिथला वाद. ठरलं ते एवढंच: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. पुढे तेराव्या शतकातल्या थॉमस अ‍ॅक्वायनस या धर्मपंडिताने जुन्या नियमशास्त्राचे तीन भाग केले: नैतिक, विधींचे आणि न्यायदानाचे. प्रॉटेस्टंटांच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबातही हीच विभागणी आहे.

म्हणून ताई, एक वाक्य तुमच्या प्रास्ताविकात अजिबात नको: ‘लेवीय १८ मधली समलैंगिकतेची बंदी मानता, मग लेवीय ११ मधली झिंग्यांची बंदी का मोडता?’ इंटरनेटवर याला टाळ्या पडतात, पण आमच्याकडचा कुठलाही पाळक (धर्मगुरू) दोन मिनिटांत उत्तर देईल: मार्क ७:१९, प्रेषितांची कृत्ये १०, प्रेषितांची कृत्ये १५. अन्नाचे नियम सैल झाले हे नव्या करारातच लिहिलंय. तुम्ही ढोंग दाखवायला गेलात आणि त्यांनी नियम दाखवला, की पुढची अर्धी चर्चा हातातून गेली.

ढोंग दाखवायचं तर घटस्फोट घ्या आणि व्याज घ्या. दोन्हीकडे ‘तो जुना करार होता’ ही पळवाट बंद आहे. पुनर्विवाहाबद्दल येशू स्वतः बोलतो: मार्क १०:११-१२, लूक १६:१८. मत्तय १९:९ मध्ये फक्त जारकर्माचा अपवाद. आता १९८० ची अमेरिकी निवडणूक बघा. जिमी कार्टर रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट. समोर रोनाल्ड रेगन, घटस्फोट घेतलेले आणि तरीही निवडून आलेले पहिले अध्यक्ष. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी कुटुंबमूल्यांच्या नावाने काढलेली मॉरल मेजॉरिटी रेगन यांच्या मागे उभी राहिली. रेगन यांना मत देण्याची दुसरी शंभर कारणं असतील, त्यावर माझं म्हणणं नाही. पण ज्या विषयावर येशूची थेट वाक्यं आहेत तो कुटुंबमूल्यांच्या यादीत खाली गेला, आणि शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत) येशू ज्यावर एक शब्द बोललेला नाही ती समलैंगिकता वर आली. पौल त्यावर बोलतो, रोमकरांस १:२६-२७ मध्ये. म्हणून ‘बायबल गप्प आहे’ असंही म्हणू नका. ‘येशू गप्प आहे’ एवढंच म्हणा. फरक मोठा आहे.

व्याजाचं असं: निर्गम २२:२५, लेवीय २५:३६-३७, शिवाय लूक ६:३५. चर्चच्या ३२५ च्या नायसिया परिषदेने धर्मसेवकांना व्याज घ्यायला बंदी केली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं. म्हणजे पालनाची परंपराही आहे. कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट सुधारकाने सोळाव्या शतकात व्यापारी कर्जाला वाट करून दिली आणि हळूहळू विषय मिटला. मिटवायला सबळ कारणं होती: पोटासाठी घेतलेलं कर्ज आणि धंद्यासाठी घेतलेलं कर्ज यात फरक आहेच. पण असा विचार एका विषयात करायचा आणि दुसऱ्यात ‘शब्द म्हणजे शब्द’ म्हणायचं, हा खरा वेचकपणा.

गर्भपातावर दोन्ही बाजू घसरतात, जपून चाला. सदर्न बॅप्टिस्ट संमेलन या अमेरिकेतल्या मोठ्या प्रॉटेस्टंट संस्थेने १९७१ मध्ये सेंट लुईस इथे ठराव केला. बलात्कार, रक्ताच्या नात्यातला संबंध, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, अशा स्थितीत गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्यासाठी सभासदांनी काम करावं, असं त्यात म्हटलं होतं. १९८० पर्यंत तीच संस्था कडक विरोधात गेली होती. मधल्या काळात बायबलमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. पण याचा अर्थ ‘ख्रिस्ती परंपरेला गर्भपाताबद्दल काही म्हणायचंच नव्हतं’ असा काढू नका. दिदाखे हा अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांचा लेख आहे आणि त्यात (२:२) गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे.

बोरीकाठ, अमळनेर

नवापूरकरदादा, झिंग्यांचं वाक्य माझ्या कच्च्या टिपणात पहिल्याच पानावर होतं! खोडलं. आता डाव्यांचं सांगा.

नवापूरकर

डाव्यांचं आवडतं शस्त्र मत्तय २५:३१-४६. मी भुकेला होतो, परका होतो, तुरुंगात होतो. ‘या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला’ जे केलं ते मला केलं. थेट सरकारी धोरण म्हणून ते वाचलं जातं. अडचणी दोन. मत्तयच्या पुस्तकात येशू ‘माझे बंधू’ हा शब्द शिष्यांसाठी वापरतो (१२:४८-५०, २८:१०), त्यामुळे इथे सगळे गरीब की फक्त शिष्य, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. दुसरं, उताऱ्याचा शेवट २५:४६ ला सार्वकालिक शिक्षेने होतो. पुरोगामी भाषणात ४० व्या वचनावर गाडी थांबते, न्यायनिवाड्याचं नाव कोणी घेत नाही.

‘दोष काढू नका’ मत्तय ७:१ चं तसंच. ७:५ मध्ये आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं आहे. कुसळ काढूच नको असं नाही. आणि पापी स्त्रीच्या गोष्टीत ‘पहिला दगड’ सगळ्यांना पाठ, योहान ८:११ चा शेवट ‘यापुढे पाप करू नको’ हा मात्र नाही. शिवाय हा उतारा (योहान ७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, तो नंतर आत आला. कट्ट्यावर कोणी पोथी उघडून बसलं तर कंस किंवा तळटीप दिसेल, तयारी ठेवा.

बराक ओबामा यांचं २७ जुलै २००४ चं गाजलेलं भाषण: ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे’. उत्पत्ती ४:९ मध्ये हा काइनाचा उलटा प्रश्न आहे: ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?’ तो भाऊ हाबेल याला मारून आलाय आणि भाऊ कुठे आहे हा देवाचा प्रश्न उडवून लावतोय. देव ‘होय, आहेस’ असं उत्तर देत नाही, भावाचं रक्त ओरडतंय म्हणतो. ओबामांनी खुन्याच्या टोमण्याचं धोरण केलं. अर्थ वाईट नाही, पण वचन ते म्हणत नाही. आणि जो बायडन यांनी २६ ऑगस्ट २०२१ ला, काबूल विमानतळावरच्या हल्ल्यानंतर, सैनिकांसाठी यशया ६:८ वापरलं: ‘हा मी आहे, मला पाठव’. पुढच्याच चार-पाच ओळींत यशया या संदेष्ट्याला पाठवलं जातं ते स्वतःच्याच लोकांना सांगायला की तुम्ही ऐकणार नाही आणि तुमची नगरं ओस पडतील. व्हाइट हाउसच्या व्यासपीठावरून हे वाचलं असतं तर काय झालं असतं!

तापीपात्र, भुसावळ

वरच्या दोघांनी सुटी वचनं घेतली. वेचणी कारखान्यासारखी केली जाते तेव्हा काय होतं, तेही ठेवा.

लंडनमध्ये १८०७ मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय असतात, त्यांतले यात २३२. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेची कहाणी नाही. गलतीकरांस ३:२८ (‘दास नाही, स्वतंत्र नाही’) नाही. ‘दासांनो, आपल्या मालकांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांस ६:५ ठेवलंय. योसेफाची गोष्टही ठेवलीय, तो गुलाम असून मालकाशी इमानी राहतो म्हणून. इथे कात्री कोणाच्या हातात आहे हे दिसतं तरी. भाषणातली कात्री दिसत नाही, एवढाच फरक.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १९७४ च्या अहवालात ‘वेगळ्या विकासाला’, म्हणजे वर्णभेदाच्या धोरणाला, शास्त्राधार दिला, त्यात बाबेलचा बुरूज (उत्पत्ती ११) आणि प्रेषितांची कृत्ये १७:२६ होते. हे दुसरं वचन जरूर घ्या, कारण कापणी एका वाक्याच्या पोटात झालीय. वाक्याचा उत्तरार्ध: राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा देवाने ठरवल्या. पूर्वार्ध: त्याने एकापासून माणसांची सर्व राष्ट्रं निर्माण केली. १९८२ मध्ये ओटावा इथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवलं. पाखंड म्हणजे ‘चुकीचं धोरण’ नव्हे, ‘हा ख्रिस्ती विश्वासच नव्हे’. चर्चच्या भाषेत यापेक्षा जड शब्द नाही.

जर्मनीत १३ नोव्हेंबर १९३३ ला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाच्या सभेत राइनहोल्ड क्राउझे यांनी जुना करारच काढून टाका म्हटलं. एवढं उघड मागितल्यामुळे त्यांचेच लोक बिथरले आणि गट फुटायला लागला. मे १९३४ मध्ये या गटाला विरोध करणाऱ्या चर्चवाल्यांची बार्मेनची घोषणा आली. नेते यातून एक धडा शिकले असावेत: पान फाडायचं नाही, नुसतं उलटायचं.

ताजं उदाहरण योहान १५:१३: मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही. १८ मार्च २०२२ ला मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर व्लादिमीर पुतिन यांनी युक्रेनमधल्या रशियन सैनिकांबद्दल हे वापरलं. मूळ प्रसंग येशूच्या अटकेच्या रात्रीचा. प्राण देणाराच बोलतोय आणि तो कोणाचा घेत नाहीये. त्याच रात्री तलवार काढणाऱ्या पेत्राला तो ‘म्यान कर’ म्हणतो (योहान १८:११).

पांझराकाठ, धुळे

यात जे. डी. व्हान्स आणि पोप फ्रान्सिस यांचा २०२५ चा वाद राहिला. तो घ्याच, कारण तिथे वचनाऐवजी परंपरेचा तुकडा वेचला गेलाय. जानेवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष म्हणाले, ख्रिस्ती कल्पना अशी की आधी कुटुंब, मग शेजारी, गाव, देश, मग उरलेलं जग. आणि याला ‘ओर्दो अमोरिस’, म्हणजे प्रीतीचा क्रम, हे जुनं नाव आहे. नाव खरंच ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडितापासूनचं. अ‍ॅक्वायनसनेही क्रम मांडलाय. पण त्यानेच पुढे लिहिलंय की अत्यंत गरजेत असलेल्या परक्याला, तेवढी गरज नसलेल्या स्वतःच्या बापाआधी मदत करावी लागू शकते. म्हणजे क्रम गरजेनुसार हलतो. १० फेब्रुवारीला पोपनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहिलं, त्यात खरा क्रम समजायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर (लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला परका शोमरोनी मदत करतो, त्या येशूच्या गोष्टीवर) मनन करा असं सांगितलं.

त्या दाखल्यावर थॅचर यांचंही एक वाक्य आहे, जानेवारी १९८० च्या दूरदर्शन मुलाखतीतलं: शोमरोन्याकडे नुसता चांगला हेतू असता तर तो कोणाला आठवला नसता, त्याच्याकडे पैसेही होते. यावर हसू नका, हिशेब करा. लूक १०:३५ मध्ये तो उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार देतो. मत्तय २०:२ नुसार एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. (आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये तिथे सरळ ‘रुपया’ आहे, आजच्या वाचकाला वाटतं दोन रुपयांत काय होतं!) तर दोन दिवसांची मजुरी, वर ‘जास्त लागलं तर परत येताना देईन’ असा मर्यादा नसलेला शब्द. थॅचर यांनी पैसा पाहिला ते बरोबर. मर्यादा नाही हे पाहिलं नाही. आणि गोष्टीचा काटा पैशात नाहीच: ज्याला यहुदी लोक तुच्छ मानत तो शेजारी निघतो.

आता रीत. आधी वचन बायबलमध्ये आहे का ते बघा. ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे बायबलमध्ये नाही, ते बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगामुळे पसरलं, आणि भाव तर बायबलच्या जवळजवळ उलटा आहे. गांधींच्या नावावरचं ‘मला ख्रिस्त आवडतो, ख्रिस्ती नाही’ हेही टाळा, त्याचं मूळ ठिकाण कोणी दाखवत नाही.

वचन सापडलं की मागची दहा, पुढची दहा वाचा. अध्याय बदलला तरी थांबू नका. बोलतंय कोण, कोणाला, ते लिहा: आज्ञा आहे, कविता आहे, दाखला आहे की काइनासारख्या पात्राचं वाक्य. नव्या करारात जुन्याचं अवतरण आलं तर मूळ उघडा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ (मार्क १४:७) हे गरिबी हटणार नाही, सोडा प्रयत्न, या अर्थी फेकलं जातं. ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या १५:११ वरून आलंय आणि तिथे पुढचे शब्द असे आहेत की म्हणून मी आज्ञा करतो, आपला हात सढळ ठेव. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दर सातव्या वर्षी कर्ज सोडायची आज्ञा आहे. १५:९ मध्ये सातवं वर्ष जवळ आलं म्हणून उसनं द्यायला हात आखडू नको, अशी तंबीही आहे. कर्जमाफीची कुणकुण लागली की नवं कर्ज थांबतं, हे त्या प्राचीन समाजालाही ठाऊक होतं म्हणायचं. तंबीने भागलं नाही. शेवटी हिल्लेल या यहुदी गुरूने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त काढला. कर्ज न्यायालयाच्या नावे केलं की सातव्या वर्षी बुडत नसे. सावकार पुन्हा उसनं देऊ लागले. मूळ आज्ञा पाळणं अवघड का होतं, हेही प्रास्ताविकात येऊ द्या, नाहीतर ‘हे मानत नाहीत’ एवढंच रडगाणं होईल.

शेवटी भाषणाची पूर्ण प्रत. बातमीतल्या दोन ओळींवर आरोप ठेवला तर आपणही तेच करतोय. आणि एक प्रश्न कागदाच्या वरच लिहा: या वचनाचा भार बोलणाऱ्यावर पडतोय की समोरच्यावर?

सातपुडा_पायथा, यावल

भारतातलं मागितलं होतं, थोडक्यात देतो. नागालँडचा पूर्ण दारूबंदी कायदा १९८९ चा, मिझोरमचा १९९५ चा. मिझोरमने २०१४ मध्ये तो सैल केला आणि २०१९ मध्ये पुन्हा बंदी आणली. दोन्हीकडे रेटा चर्चचा. टीकाकार योहान २ (पाण्याचा द्राक्षारस) आणि १ तीमथ्य ५:२३ (पोटासाठी थोडा द्राक्षारस घे) काढतात, चर्च इफिसकरांस ५:१८ (मद्याने मस्त होऊ नका) काढतं. बायबल झिंगण्याला नाही म्हणतं, थेंबाला नाही, तेव्हा संपूर्ण बंदी ही समाजाची निवड आहे, वचनाचा हुकूम नाही. ती निवड वाईटच असं मी म्हणत नाही. ‘नागालँड फॉर ख्राइस्ट’ ही घोषणा तर सशस्त्र संघटनेची. तिथे योहान १८:३६ ‘माझं राज्य या जगाचं नाही’ कुठे बसवायचं, हा प्रश्न विचारून बघा.

पण तिथलंच उलटं उदाहरणही ठेवा. मिझोरममध्ये चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये मिझो पीपल्स फोरम उभा राहिला. निवडणुकीत जेवणावळी, पैसा, घरोघरचा प्रचार यांना तो आळा घालतो आणि पक्ष त्याच्याशी लेखी करार करतात. नागालँडमध्ये बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवते. पांझराभाऊंचा वरचा प्रश्न इथे लावला तर भार स्वतःच्याच लोकांवर पडतो.

कायद्याचंही लक्षात असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२३(३). अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीनने ठरवलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावाने मागितलेलं मतही भ्रष्ट आचरण. वचनाची चर्चा करायला बंदी नाही. वचन दाखवून मत मागायला आहे. कट्ट्यावर कुठला उमेदवार येणार असेल तर हे आधीच सांगून ठेवा, नंतर बोलायला नको.

बोरीकाठ, अमळनेर

खूप आभार सगळ्यांचे. पाऊण तासात एवढं कोंबता येणार नाही. रोमकरांस, लेवीय २५ आणि शोमरोनी असे तीनच उतारे घेते. एक विचारायचं: भाषांतर कुठलं छापू?

नवापूरकर

बायबल सोसायटीचं प्रचलित मराठी छापा, आमच्याकडच्या घरांत तेच असतं, त्यामुळे कोणी ‘आमच्या पोथीत असं नाही’ म्हणणार नाही. शेजारी पंडिता रमाबाईंचं भाषांतर ठेवलं तर शब्दांचा फरक दिसेल. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलंय. एका कागदाच्या दोन बाजू पुरतील. वचनांचे क्रमांक काढून, सलग परिच्छेद म्हणून छापा. रोमकरांस १२:१४ ते १३:१० ही अठरा वचनं तीन मिनिटांत मोठ्याने वाचून होतात. आधी ती वाचून घ्या, सेशन्स यांचं भाषण नंतर. क्रम उलटा झाला तर लोक वचनात फक्त भाषणातलं वाक्यच शोधत बसतात. आणि शोमरोन्याच्या उताऱ्यात ‘रुपये’ आले की खाली एक ओळ टाका: एक म्हणजे दिवसभराची मजुरी.